कंदील आधी

एकोणीस डिसेंबरला लिहिलेलं पत्र
बारा फेब्रुवारीला विश्रामबागच्या पोस्टात आलं.
शिक्का मीच मारला, जरा जोरात बसला.
तिकिटावर कोकोच्या शेंगा. पत्ता:
क्वाकू अन्साह, इंजिनिअरिंग कॉलेज, सांगली.

बुधवारी जन्मला म्हणून क्वाकू.
म्हटलं, मग आमच्याकडचा तू बुधा.
तेवढ्यावर आमची दोस्ती.

पत्र त्यानं घाटग्यांच्या खानावळीत फोडलं,
आमटी गार होईस्तोवर वाचलं, मग मला सांगितलं.
बाप शाळामास्तर, कुमासीचा.
लिहिलं होतं: साबण मिळत नाही, रॉकेलला रांग आहे,
पण रांगेत लोक सरकारला मोठ्यानं शिव्या देतात
आणि कुणी मागं वळून बघत नाही.
हे सरकार हळू चालतं, पोरा,
पण बूट घालून चालत नाही.

पत्रातलं सरकार अजून जिवंत होतं.
खरं सरकार सहा आठवड्यांमागं गेलेलं,
वर्षाच्या शेवटच्या दिवशी, सत्तावीस महिन्यांचं होऊन.
घाटग्यांच्या ट्रान्झिस्टरवर खरखरीतून आम्ही ऐकलं होतं,
घटना तहकूब, संसद बरखास्त.
घाटगे म्हणाले, म्हंजे तिकडं आता कोण?
क्वाकू म्हणाला, पूर्वी होते तेच. फौजेतले.
घाटग्यांनी त्याला न विचारता भाकरी वाढली.

मी सांगितलं, आमचंही एक असंच गेलं,
कुलपं निघाल्यावर आलेलं, अठ्ठावीस महिन्यांत.
पण आमच्याकडं खुर्च्या ओढल्या फक्त,
रेडिओवर बँड नाही वाजला.
तो म्हणाला, अठ्ठावीस? मग तुम्ही एकानं पुढं.
हसला. पहिल्यांदाच, त्या महिन्यात.

बापाला उत्तर काय लिहायचं हा प्रश्न होता.
पाकिटं फोडली जात असणार.
रविवारी मी त्याला सायकलवर हरिपूरला नेलं,
हळदीची पेवं दाखवायला.
त्या दिवशी एक उघडत होते,
तीन वर्षं बंद असलेलं.
क्वाकू वाकून बघायला गेला तर एक म्हातारी ओरडली,
सर मागं, आत वारं मेलंय.

मग हमालानं दोरीला कंदील बांधला, सोडला.
वीसेक हात गेला आणि विझला.
कुणी काही बोललं नाही.
पेव पुन्हा झाकलं मात्र नाही, तोंड उघडं ठेवलं,
बिड्या काढल्या, बसले.
क्वाकूनं विचारलं, आता?
हमाल म्हणाला, आता काय. वारं जाईल आत.
उद्या परत सोडायचा.

तेच त्यानं लिहिलं.
एका ओळीत हळदीचा भाव, चुकीचा,
खाली खड्ड्याची हकीकत, कंदिलाची.
सरकारचं नाव नाही, साहेबाचं नाव नाही.
तिकीट मी माझ्याकडचं लावलं.

डिग्री घेऊन तो गेला, मिरजेवरून गाडी.
नंतर माझी बदली तासगावला.
अकरा वर्षांनी एक कार्ड
सांगलीहून फिरत फिरत, तीन शिक्के खाऊन आलं.
कंदील खाली पोचला. अजून जळतोय.
मोजतोय. तुमच्या पुढं गेलो की कळवीन.

दोन वर्षं मी टपालाची पिशवी स्वतः उपसायचो.
शिपाई म्हणायचा, साहेब, लॉटरी लागायचीय का?
बायकोलाही सांगितलं नव्हतं,
सांगणार तरी काय,
की मी परक्या देशाचे महिने मोजतोय
पंचांगाच्या मागं, पेन्सिलीनं.

जूनमध्ये कार्ड आलं.
मागं मजकूर नाही, सही नाही.
मधोमध, शाई थोडी फुटलेली:
२९.